विश्वस्त येतात कुठून? मुखत्यारपत्रापासून संगणकातल्या नोंदीपर्यंत



स्मरणिकेत बहुतेक लेख शाळेच्या आठवणींचे असतात, आणि ते तसेच असावेत. माझ्या वाट्याला मात्र थोडा कोरडा विषय आला आहे. आपल्या माजी विद्यार्थी संघाची यादी संगणकावर आणण्याचे आणि पुढच्या विश्वस्तांसाठी सुचलेल्या नावांची नोंद ठेवण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. हे काम करता करता एक प्रश्न पडला. आपल्या पुणे जिल्ह्यात दीडशे वर्षांपासून संस्था निघत आल्या, पण त्या चालवायला माणसे कशी शोधली गेली? नाव कोणी सुचवले, पारख कोणी केली, नोंद कुठे राहिली? जे सापडले ते इतिहासाच्या क्रमाने मांडतो. शेवटी आपल्या स्वतःच्या यादीबद्दलही बोलायचे आहे, कारण हा सारा खटाटोप तिच्यासाठीच आहे.

पन्नास सह्यांचा सभासद

सुरुवात पर्वतीपासून करावी लागते. पर्वती संस्थानचा कारभार नीट चालत नाही, अशी तक्रार १८६०च्या दशकात पुण्यात होती. देवस्थानाचे पंच कोणाला जबाबदार, हा प्रश्न लोक विचारू लागले होते. त्या असंतोषातूनच पुढे २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, हे तिचे प्रमुख चालक. राजकीय इतिहासात सभेचे नाव मोठे आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो तिचा सभासदत्वाचा नियम. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे सुमारे ६,००० लोकांच्या सह्या होत्या.

एखादा प्रतिष्ठित गृहस्थ घरी बसून सभासद झाला, असे या नियमामुळे होत नसे. त्याला पन्नास दारे फिरावी लागत. आणि तो कोणाच्या वतीने बोलतो याचा कागद सभेच्या दप्तरात राही. संस्थेवर घेताना माणसामागे कोण उभे आहे ते लिहून ठेवण्याची ही आपल्याकडची फार जुनी पद्धत आहे. आज संगणकात आपण ‘नाव सुचवणारे’ असा रकाना करतो, त्याचे मूळ शोधायचे तर ते या मुखत्यारपत्रात सापडेल.

वीस वर्षांचा शब्द

पुढची पायरी शाळांची. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. या मंडळींनी ‘आजीव सदस्य’ ही कल्पना रुजवली. शिकवणारेच संस्था चालवणार. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचा शब्द द्यायचा. पैसेवाल्याला मान आणि शिक्षकाला पगार, अशी वाटणी त्यांनी केली नाही.

पद्धत थोर होती, पण तिच्यात भांडणेही झाली. वेतन किती असावे, वेतनाबाहेरची मदत कोणी कशी घ्यावी, संस्थेबाहेरचे काम कितपत करावे, यावर आजीव सदस्यांत मतभेद वाढत गेले. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेच्या चिटणिसाचे काम पत्करले, तेव्हा वाद टोकाला गेला आणि टिळकांनी राजीनामा दिला. संस्थेचा एक संस्थापक आणि गणिताचा शिक्षक एकाच वेळी गेला.

ही जागा भरली कशी, ते आपल्यासारख्या वर्गमित्रांच्या मेळाव्याने मुद्दाम लक्षात घ्यावे. गोखले आणि धोंडो केशव कर्वे हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले. दोघेही १८८४ साली बी.ए. झालेले. कर्व्यांचा विषय गणित. टिळक गेल्यावर गोखल्यांना ही ओळख आठवली. त्यांनी कर्व्यांना फर्ग्युसनमध्ये शिकवायला बोलावले आणि १८९१ साली कर्वे मुंबई सोडून पुण्यास आले. पुढे ते सोसायटीचे आजीव सदस्य झाले आणि १९१४ पर्यंत तिथे राहिले. कोणती जागा रिकामी आहे आणि ती भरू शकणारा माणूस आपल्या ओळखीत कोण आहे, या दोन गोष्टी एकाच डोक्यात एकाच वेळी आल्या म्हणून हे घडले. गोखल्यांच्या डोक्यात त्या आल्या, हे सोसायटीचे भाग्य. संस्थेचे कामकाज मात्र नेहमी अशा भाग्यावर सोपवता येत नाही.

हिंगण्याची वाट

कर्व्यांनी स्वतः संस्था काढली तेव्हा त्यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० साली तो हिंगण्याला नेला. विधवांच्या शिक्षणाचे नाव काढले की त्या काळात प्रतिष्ठित माणसे चार हात लांब राहत. चालक मंडळावर यायला कोण तयार होणार? कर्व्यांनी माणसे आश्रमातूनच घडवली. पार्वतीबाई आठवले हे त्याचे ठळक उदाहरण. त्या स्वतः विधवा. आश्रमात शिकायला आल्या, पुढे तिथलीच जबाबदारी त्यांनी घेतली, गावोगाव वर्गणी मागितली आणि संस्थेच्या कामासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. १९०८ साली कर्व्यांनी निष्काम कर्ममठ काढला. आयुष्य संस्थेला देणारे कार्यकर्ते तयार व्हावेत, हा त्याचा उद्देश.

ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यातूनच तिचे पुढचे चालक यावेत, हा विचार त्यामागे होता. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतही वसतिगृहात शिकलेली मुले संस्थेचे कार्यकर्ते आणि आजीव सदस्य झाली. शाळेचा माजी विद्यार्थी हा शाळेचा उद्याचा विश्वस्त, ही समजूत महाराष्ट्रात तेव्हापासून रुळलेली आहे.

पाच वर्षांची उमेदवारी

सर्वांत कडक दार होते भारत सेवक समाजाचे. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात तो स्थापन केला. प्रवेश घेणाऱ्याला शपथा असत, आणि पहिली पाच वर्षे उमेदवारीची. त्या काळात शिकायचे, देश हिंडायचा, ज्येष्ठांच्या हाताखाली काम करायचे.

या दारात एक मोठा उमेदवार उभा राहिला होता. जानेवारी १९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले. त्यांनी समाजात यावे ही गोखल्यांची इच्छा होती, आणि वर्षभर नुसते देश पाहा, असा त्यांचा सल्लाही होता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. गांधीजींनी प्रवेशासाठी विचारले, पण सभासदांत दोन तट पडले. काहींना ते हवे होते, तर काहींना त्यांची कामाची रीत समाजाच्या रीतीशी जुळणार नाही असे वाटत होते. तेव्हा गांधीजींनी स्वतःच अर्ज मागे घेतला. समाजाशी त्यांचे स्नेहाचे संबंध मात्र टिकले.

एखादे नाव मंडळावर आले नाही म्हणजे ते वाया गेले, असे समजू नये. ‘नकार’ ही एक नोंद झाली. ‘आत्ता नाही, पण संबंध ठेवावा’ ही वेगळी नोंद. आणि ‘माणूस उत्तम, पण या जागेसाठी नव्हे’ ही तिसरी. आपल्या संस्थांच्या वह्यांत या तिन्हींसाठी बहुधा एकच काट मारलेली दिसते.

मुळशी पेट्याची गोष्ट

आता आपल्या घरी येऊ. टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पाणी घाटाखाली भिऱ्याला नेऊन वीज करायची आणि ती मुंबईला द्यायची, अशी योजना. त्यात मुळशी पेट्यातली सुमारे पन्नास गावे सापडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट या लढ्यातच ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावागावांत फिरले. १९२४ पर्यंत लढा चालला, लोक तुरुंगात गेले, आणि धरण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिले आहे. ते वाचताना एक गोष्ट मनात राहते. बुडणारी जमीन कसणारा मावळा एक होता आणि त्याच जमिनीवर कर्जापोटी मालकी सांगणारा सावकार दुसरा. एकाला जमीन हवी होती, दुसऱ्याला मोबदला चांगला मिळाला तरी चालणार होते. लढ्याच्या बाजूने पुण्यात सभा झाल्या, पुढारी आले, पण गावात नांगर धरणाऱ्याचा आवाज बैठकीत किती पोहोचला, हा प्रश्न उरतोच.

आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्यांनी ही उठवणूक पाहिली. म्हणून मंडळ निवडताना मुळशीकराने तरी हा प्रश्न विसरू नये. ज्यांच्याबद्दल निर्णय होणार आहे त्यांच्यातले कोणी त्या खोलीत बसले आहे का? आज आपल्या तालुक्याच्या पूर्व टोकाला हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि पश्चिमेला धरणाकाठच्या वाड्या आहेत. आपली शाळा दोन्हीकडच्या मुलांची. मंडळ मात्र सहज एकाच बाजूचे होऊ शकते, कारण बैठकीला गाडी घेऊन येणे एकाला सोपे असते आणि शेवटची एसटी गाठायची धांदल दुसऱ्याला असते.

कायद्याची वही

स्वातंत्र्यानंतर या सगळ्यावर कायद्याची शिस्त आली. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली कार्यकारी मंडळाची यादी दरवर्षी निबंधकाकडे द्यावी लागतच होती. १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने (आता नावात ‘महाराष्ट्र’ आले आहे) धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा उभी केली. संस्थेची सगळी मूळ माहिती तिथल्या नोंदवहीत, म्हणजे आपण ज्याला ‘शेड्यूल वन’ म्हणतो त्यात असते. विश्वस्त बदलला की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल कळवायचा. हाच तो चेंज रिपोर्ट. सोबत सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र अशी कागदपत्रे.

चिटणीसपद सांभाळलेल्या कोणालाही विचारा, खरा घोळ इथे होतो. सभा होते, टाळ्या पडतात, नवे विश्वस्त हार घालून घेतात, आणि चेंज रिपोर्ट ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून राहून जातो. वर्षांमागून वर्षे जातात. शेड्यूल वनच्या उताऱ्यावर मात्र जुनीच नावे, त्यातली काही दिवंगतांची. मग बँकेत सह्या बदलायच्या असतात, तेव्हा उतारा मागितला जातो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. कंपनीचा माणूस येतो तो पहिल्यांदा विचारतो, सध्याचे विश्वस्त कोण? हिंजवडी आपल्या उशाशी आहे, पण कागदावरचे विश्वस्त आणि खुर्चीवरचे विश्वस्त वेगळे असतील तर त्या उशाचा उपयोग नाही.

कायदा विचारतो कोण विश्वस्त झाले. कोणाला विचारले होते, कोण नाही म्हणाले, कोणाला पुन्हा विचारायचे होते, याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही. ते प्रोसिडिंग बुकातही येत नाही. ते चिटणिसाच्या डोक्यात आणि मोबाइलमध्ये असते, आणि चिटणीस बदलला की त्याच्याबरोबर जाते.

संगणकात काय आले

विक्री करणाऱ्यांची गरज वेगळी नव्हती. गिऱ्हाइकाशी शेवटचे बोलणे कधी झाले, पुढचा फोन कधी करायचा, हे लक्षात ठेवायला १९८७ साली ‘ॲक्ट’ नावाची प्रणाली आली. पुढे अशा प्रणालींना सीआरएम म्हणू लागले. १९९९ साली सेल्सफोर्स कंपनी निघाली आणि हेच काम इंटरनेटवरून होऊ लागले. ही कंपनी सेवाभावी संस्थांना दहा जणांच्या वापराचे परवाने मोफत देत आली आहे. २००५ साली सिव्हीसीआरएम आले. ते संस्थांसाठीच बनवलेले, खुल्या परवान्याचे आणि विनामूल्य आहे.

देणगीदारांसाठी या प्रणाली सर्रास वापरल्या जातात. विश्वस्त शोधण्यासाठी वापरताना थोडा विचार करावा लागतो. देणगीची वाट सरळ असते: विचारले, कबूल झाले, पैसे आले. विश्वस्ताच्या वाटेवर टप्पे जास्त आणि वेळ लांब. मी आपल्यासाठी असे टप्पे ठेवले आहेत: नाव सुचले, कोणी तरी बोलले, शाळेत येऊन गेले, एखाद्या समितीवर काम केले, संमती दिली, सभेत ठराव झाला, चेंज रिपोर्ट दाखल झाला, उताऱ्यावर नाव आले. शेवटचे दोन टप्पे मुद्दाम ठेवले, कारण ठरावापाशी थांबलेली निवड अर्धीच असते. देणगीच्या यादीत हे मिसळलेले नाही. विश्वस्तपदाची विचारणा आणि पैशाची मागणी एकाच यादीत आली की माणसाला वाटते, आपल्या खिशाला खुर्ची दिली.

सिव्हीसीआरएममध्ये दोन माणसांतले किंवा माणूस आणि संस्था यांच्यातले नाते नोंदवता येते आणि त्याला आरंभाची व शेवटची तारीख असते. ‘विश्वस्त’ हे नाते असे तारखेसह नोंदवले की कोणाची मुदत कधी संपते ते आधीच कळते. मुदत संपायच्या आदल्या महिन्यात धावाधाव करण्यापेक्षा वर्षभर आधी बोलणे सुरू करता येते. मुदत संपलेल्याचे नावही पुसले जात नाही. अमुक साली अमुक जण विश्वस्त होते, हे दिसत राहते. स्मरणिका काढणाऱ्यांना याचे मोल अधिक सांगायला नको. आणि प्रत्येक बोलणे तारखेसह लिहिता येते: कोण बोलले, काय ठरले, पुन्हा कधी बोलायचे.

याखेरीज एक साधे कोष्टक केले आहे. उभ्या रकान्यांत गरजा: हिशेब, कायदा, शिक्षण, बांधकाम, शेती, गाव कोणते, बॅच कोणती, स्त्री की पुरुष. आडव्या ओळींत सध्याचे विश्वस्त आणि सुचलेली नावे. कोष्टक भरून पाहिले की रिकामे चौकोन दिसतात. ते चौकोन पाहूनच पुढचे नाव शोधायचे. नाही तर जो शेजारी बसतो त्याचेच नाव सुचते. गोखल्यांना कर्वे आठवले ते ठीक, पण आपल्या मैत्रिणींपैकी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली, आडनाव बदललेली हुशार मुलगी कोणाला आठवते? शाळेच्या रजिस्टरातले नाव आणि आजचे नाव दोन्ही नोंदवल्याशिवाय ती यादीत सापडतच नाही.

काय लिहू नये

या नोंदींचा धोकाही सांगायला हवा. माणसाबद्दल लिहिणे सोपे आणि लिहिलेले पुसणे अवघड. ‘बोलायला तिरसट’, ‘घरी वाद आहे’, अशा टिपणी वहीत लिहिणारेही होते. संगणकात त्या दहा जणांना दिसतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. त्याच्याही आधी गावकीची रीत आहे: ज्याच्याबद्दल लिहिले त्याने उद्या ते वाचले तर आपल्याला खाली बघावे लागू नये. म्हणून आपल्या यादीत जात, पक्ष, घरगुती गोष्टी यांना रकाना नाही. माणूस कोणते काम करू शकतो, किती वेळ देऊ शकतो, कोणी सुचवले आणि पुढे कधी बोलायचे, एवढेच आहे. यादी पाहण्याची मुभा तीन पदाधिकाऱ्यांना आहे, आणि आपले स्वतःचे पान कोणीही सभासद मागून पाहू शकतो.

दुसरा धोका असा की, पडद्यावर टप्पे पुढे सरकताना दिसले की काम झाल्यासारखे वाटते. मुखत्यारपत्रावरच्या सह्या पन्नास दारे फिरूनच मिळत होत्या. संगणक फार तर कोणते दार राहिले ते सांगेल. दार वाजवायला माणूसच जावा लागतो, आणि आपल्याकडे फोनवर ‘बघू’ म्हणणारा माणूस घरी चहाला बसल्यावर ‘येतो’ म्हणतो.

आता तुमच्याकडे

आपल्या मंडळावरील ज्येष्ठांनी सांगून ठेवले आहे की, पुढच्या सर्वसाधारण सभेनंतर नव्या पिढीने भार घ्यावा. त्यांनी ज्या काळात ही शाळा सांभाळली, तेव्हा पावसाळ्यात छप्पर गळायचे आणि पौडाला कागद द्यायला अर्धा दिवस मोडायचा. त्यांच्या जागी येणारे लोक घाईने निवडले तर त्यांच्या कष्टाचा मान राहणार नाही.

म्हणून मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर एक कागद असेल. त्यावर एक नाव लिहा, स्वतःचे किंवा दुसऱ्याचे. हा माणूस कोणते काम करू शकेल, ते एका ओळीत लिहा आणि खाली तुमची सही करा. धरणाकाठच्या वाडीतले नाव सुचले तर ते आधी लिहा. मुलींच्या बाकावरचे सुचले तर तेही. गुरुजनांना विशेष विनंती: कोण वर्गात उत्तरे देत असे ते आम्हांलाही आठवते, पण न सांगता फळा कोण पुसत असे ते तुम्हांलाच ठाऊक. ती नावे आम्हांला हवी आहेत.

आलेले प्रत्येक नाव यादीत चढेल, आणि प्रत्येकाशी कोणी तरी प्रत्यक्ष जाऊन बोलेल. कोण बोलले आणि काय उत्तर आले, ते पुढच्या मेळाव्यात तुम्ही विचारू शकाल.